नुसतं एंटर

४ मार्च, सोमवार

सात वर्षांनी पुन्हा नोकरी! सकाळी खारूने दाराशी उभं राहून साहेबासारखा हात पुढे केला आणि मला ‘ऑल द बेस्ट, मॅडम’ म्हणाली. ती झाली तेव्हा काम सोडलं होतं. आता ती दुसरीत आहे आणि मी पहिलीत.

ऑफिस छोटं आहे. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही अकरा माणसं. खिडकीजवळचं टेबल मिळालं. काम माझ्या आवडीचं आहे. दवाखान्याच्या वॉर्डात एक साधा डेस्कटॉप ठेवलेला असतो, लिनक्सवर चालणारा. तो वीस खाटांच्या सलाईनचे थेंब मोजतो. मोजणारा प्रोग्राम कित्येक वर्षांपूर्वी एका माणसाने निव्वळ असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, लिहिला. त्यांना इथे सगळे मास्तर म्हणतात. प्रोग्राम उत्तम चालतो, फक्त चारपाच तासांतून एकदा थेंबांचा आकडा चुकतो. तेवढी चूक महिनाअखेरीपर्यंत शोधायची. मास्तर कुठे असतात असं साहेबांना विचारलं, तर ते निवृत्त झालेत म्हणाले.

६ मार्च, बुधवार

मास्तरांचा हात फार स्वच्छ. एक सूचना वाया घालवलेली नाही. दोनच ठिकाणी टिपण लिहिलंय, आणि त्यातलं एक ‘इथे घाई करू नये’ असं आहे.

मी डीबगरमधून, म्हणजे प्रोग्राम हवा तिथे थांबवून आतून दाखवणाऱ्या साधनातून, तो एकेक पायरी चालवते. एकदा एस-आय टाइप करून एंटर मारायचं, की एक सूचना पुढे जाते. मग पुढच्या प्रत्येक पायरीला नुसतं एंटर. एंटर मारलं की रजिस्टरमधले, म्हणजे प्रोसेसरच्या छोट्या कप्प्यांमधले, आकडे बघायचे, वहीत लिहायचे, पुन्हा एंटर. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, याला तू मजा म्हणतेस? तो कामासाठी बाहेरगावी असतो, रविवारी येतो. म्हटलं, हो, मजाच आहे.

८ मार्च, शुक्रवार

आज फुकट बोलणी खाल्ली. साहेबांनी दुपारी विचारलं, सकाळपासून काय केलं? वही दाखवली. वहीत सात ओळी. माझ्या हिशेबाने मी दहा मिनिटं काम केलं होतं, आणि घड्याळात दीड वाजला होता. कपातल्या चहावर साय धरलेली. सवय मोडली आहे, तंद्री लागत असेल. पण सात ओळी! माझी मलाच लाज वाटली.

१२ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच. सव्वाअकराला एंटर मारलं, पडद्यावर पुढची सूचना आली, आणि एक वाजून पाच मिनिटं झालेली. शेजारच्या टेबलावरची बाई टेस्टिंग करते. ती म्हणाली, तीनदा हाक मारली. डोळे उघडे होते म्हणे, पापणीसुद्धा हलत नव्हती. मग मला हलवलं का नाही, असं विचारलं तर ती उठून पाणी प्यायला गेली.

संध्याकाळी डॉक्टरांकडे. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर ठोकलं, डोक्याची तपासणी करायला पाठवलं. सगळं नॉर्मल. पुरेशी झोप घ्या म्हणाले. आठ तास झोपते मी! हे सांगून झाल्यावरही पुन्हा तेच म्हणाले.

१४ मार्च, गुरुवार

राग आलाय, माझाच मला.

शाळा साडेतीनला सुटते. मी मोबाईलवर तीनचा गजर लावला होता. वाजला, वाजून वाजून बंद पडला, अख्ख्या ऑफिसने ऐकला, मी नाही. पोचले तेव्हा पावणेसहा. खारू फाटकाजवळच्या बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन. रडून झालं होतं तिचं. सोबत बसलेल्या शिपाईबाईंनी मला बघून फाटकाची किल्ली उचलली. चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

घरी येताना खारूने विचारलं, “आई, तू मला विसरलीस का?”

१८ मार्च, सोमवार

प्रत्येक वेळी हे एंटर मारतानाच होतं, एवढं आता नक्की. आज डीबगरला विचारलं, प्रोग्राम कुठे कुठे थांबवायचा आहे त्याची यादी दे. मी थांबे दोन लावलेत. यादीत तीन. तिसऱ्याचा पत्ता आमच्या प्रोग्राममधला नाहीच. कुठलाच नाही तो. पुसला, यादी पुन्हा मागितली, पुन्हा तीन. अकरा वेळा पुसला. शेवटी मशीन बदलून घेतलं, कोऱ्या डिस्कवर सगळी सिस्टीम नव्याने टाकली, अर्धा दिवस गेला. दोन थांबे लावले.

तीन.

साहेब म्हणतात, यादीचं सोडा, थेंबांचं बघा.

२० मार्च, बुधवार

टेस्टिंगवालीला जिन्यात गाठलं आणि मास्तरांचं काय झालं ते सांगच म्हटलं. ते निवृत्त झालेले नाहीत. तीन वर्षांपूर्वी ते माझ्याच खुर्चीत बसलेले सापडले, बोट एंटरवर. हलवलं, उचललं, दवाखान्यात नेलं. अजून तिथेच आहेत. श्वास चालू, डोळे उघडे. सगळे भेटायला जायचे, मग जाईनासे झाले. ही मात्र मागच्या वर्षी गेली होती. ती उठायला लागली तेव्हा मास्तरांनी मान वळवली आणि विचारलं, “चहा आला का?” आणि पुन्हा गप्प. ऑफिसात ते तसे सापडले त्या सकाळी ती त्यांना चहा आणते असं सांगून खाली गेली होती.

मला आधी का नाही सांगितलंस, असं ओरडले मी तिच्यावर. ती म्हणाली, सांगितलं असतं तर पटलं असतं का?

२१ मार्च, गुरुवार

चूक सापडली! किती साधी. मास्तर थेंबांचा आकडा ज्या रजिस्टरमध्ये ठेवतात, तेच रजिस्टर सिस्टीमला काही काम सांगितलं की पुसलं जातं. चारपाच तासांनी फाइलमध्ये नोंद लिहायला सिस्टीमला हाक जाते आणि आकडा जातो. आकडा दुसऱ्या रजिस्टरमध्ये हलवला. एका पायरीनेही न चालवता, नुसतं कागदावर वाचून शोधली. टेस्टिंगवालीने संध्याकाळपर्यंत तपासलं. एक थेंब चुकला नाही.

साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. ते म्हणाले, आता तर काम जमलंय. मी म्हटलं, म्हणूनच.

२५ मार्च, सोमवार

चार दिवस घरी. कॉम्प्युटरला हात नाही. आज सकाळी दुधाचं पातेलं उतरवायला हात पुढे केला आणि

खारू किंचाळत होती. स्वयंपाकघरात धूर. मी पातेलं धरून उभी, डाव्या हाताची कातडी — खारू माझ्या कमरेला लोंबकळून मला ओढत होती. किती वेळ, तिला सांगता येईना. दूध जळून कोळसा झालं होतं.

इथे एंटर नव्हतं. मी एंटर मारलं नाही.

मग कोणी मारलं?

२७ मार्च, बुधवार

नवरा रजा घेऊन आलाय. डॉक्टर नवे, तपासण्या जुन्याच. सगळं नॉर्मल. तो समजूत घालतो, मनाला लावून घेऊ नकोस म्हणतो. मी त्याला समजावते — मी प्रोग्राम थांबवायचे तेव्हा प्रोग्रामला काय कळायचं? काहीच नाही. त्याच्या लेखी दोन सूचनांमध्ये काही नसतंच. मी चहा पिऊन यायचे, जेवून यायचे. त्याला फक्त पुढची सूचना.

तो म्हणाला, जरा पड. चिडले. कोणीतरी ऐका ना नीट.

२९? मार्च

पेपरवर तारीख ३१ आहे. कोणाची खरी धरू?

खारूला शेजारी बसवलंय. पेन थांबलं की चिमटा काढ असं सांगितलंय. दंडावर निळे डाग आहेत. खूप आहेत. मला एकही आठवत नाही —

ती म्हणते, मी कधीपासून चिमटे काढतेय, आई.

एप्रिल

मधलं काही नाही. काळोख नाही, झोप नाही, स्वप्नही नाही. एक शब्द, आणि पुढचा शब्द, आणि मधे खारूची परीक्षा होऊन गेली. पास झाली म्हणे. कोणीतरी निवांत बसलंय. आकडे बघतंय, वहीत लिहितंय. घाई नाही त्याला. मी पण घाई करत नव्ह

खोली वेगळी. पलंग लोखंडी. वही तीच, पेन वेगळं, कोणीतरी माझ्या बोटांत नीट धरवलेलं. खिडकीबाहेर ऊन. माझ्या हातावरच्या शिरा

खुर्चीत एक बाई बसलीये. चष्मा लावलेली. टेस्टिंगवाली नाही. नर्स नाही. पेन हललं तशी ती उठली. माझ्या दंडाला धरलं, हळूच चिमटा काढला, आणि रडायला लागली. म्हणाली, “रोज काढते.”

मी विचारलं, खारू शाळेतून आली का?

तिने चष्मा काढला. म्हणाली, आई, मी