सात दर्शनी पायऱ्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही! मेव्हणीला आज तोंडावर सांगून टाकलं. तिची बहीण असली तरी माझी बायको आहे, तिला स्वतःचं घर आहे, ती घरीच येणार. "अहो भावजी, पण तुमच्या दारात सात पायऱ्या आहेत. माझ्याकडे लिफ्ट आहे. नववा मजला असला तरी खुर्ची सरळ खोलीत जाते." जात असेल. आमच्या हिला कबुतरांच्या रांगेत राहायचं कारण नाही.

डॉक्टर म्हणतात, मार्चच्या मध्यावर सोडू. उजवी बाजू पूर्ण यायची नाही. चाकाची खुर्ची कायमची लागेल असंच धरून चाला. बोलणं येईल, थोडं थोडं.

दोन महिने झाले. डिसेंबरच्या पाच तारखेला सकाळी सातला ही शहराच्या गाडीला निघाली, तिसऱ्या पायरीवरून घसरली आणि डोकं खालच्या दगडावर आपटलं. पायऱ्या ओल्या होत्या. मी आत चहा गाळत होतो. आवाज ऐकला आणि वाटलं, पेपर टाकला. पेपर!

बुधवार, ५ फेब्रुवारी

हॉस्पिटलात जायला रोज सात चोवीसची गाडी. एकतीस वर्षं ही याच गाडीने शहरात गेली, त्या दातांच्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायची होती. आणि मी एकदाही तिच्याबरोबर गेलो नाही. माझी शाळा इथेच होती, दोन गल्ल्या सोडून. चित्रकलेचा मास्तर! मला गाडी कशाला लागते?

तिसऱ्या डब्यात सगळे तिला ओळखतात. खिडकीजवळची जागा तिची. अजून तिथे कोणी बसत नाही. मला बसवलं. 'मिस्टर' म्हणतात मला. मिस्टर, इकडे या. मिस्टर, आज कशा आहेत त्या? एक बाई चष्म्याच्या दुकानात काम करतात, त्या म्हणाल्या, "त्या नाहीत तर गाडीत हसायलाच येत नाही हो."

आमची ही? आणि हसवते? मी नुसतं हं हं केलं. घरी ती आली की थकलेली असायची. निदान मला तसं वाटायचं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अर्ज लिहिला. माझ्याच समितीला. त्याच्यावर आवक क्रमांकही मीच घातला! दारात रॅम्प बांधू द्यावा म्हणून.

आता स्वतःशीच लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणावर चिडायला नको. एकशे चाळीस वर्षांपूर्वी रेल्वे कंपनीने आपल्या कारकुनांसाठी हे उपनगर वसवलं. चौदा गल्ल्या, एकसारखी विटांची घरं, हिरवी दारं, प्रत्येक दाराला सात दगडी पायऱ्या. रविवारी शहरातून लोक फोटो काढायला येतात. ते टिकवणारी ही जतन समिती, आणि बावीस वर्षं तिचा कार्यवाह मी. चौथा नियम माझाच: 'दर्शनी भागात, पायऱ्यांसह, कोणताही फेरफार करता येणार नाही.' 'पायऱ्यांसह' हा शब्द मी भांडून घालून घेतला होता. अध्यक्ष, आमचे दंतवैद्य, तेव्हा म्हणाले होते, "सर, लोकांना जरा श्वास घेऊ द्या." मी म्हटलं, श्वास खुशाल घ्यावा, दाराचा रंग बदलू नये. सगळे हसले. मला माझं वाक्य फार आवडलं होतं.

मागच्या बाजूने रस्ताच नाही. भिंतीला लागून रुळांचा बांध. जे करायचं ते पुढूनच करावं लागेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज ती "पाणी" म्हणाली! मला नाही, नर्सला. तरी परतीच्या गाडीत मी एका अनोळखी माणसाला सांगितलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सुतार मोजमाप घ्यायला आला. दारातच थबकला. "सर, तुम्हीच बोलावलंत ना? म्हटलं, पत्ता चुकला की काय!" याला मी दोनदा नोटीस धाडलेली आहे, खिडक्यांच्या पट्ट्या जाड केल्या म्हणून. पण मनात काही ठेवलेलं दिसलं नाही. म्हणाला, एक हात चढायचं तर बारा हात लांबी पाहिजे, नाहीतर खुर्ची ढकलणाऱ्याचा जीव जाईल. म्हणजे अंगणात दोन वळणं घ्यावी लागतील. गुलाबांचा वाफा जाणार.

"जाऊ दे," मी म्हटलं.

तो फीत गुंडाळता गुंडाळता थांबला. "सर, तब्येत बरी आहे ना?"

तो गेल्यावर पायरीवर बसून रडलो. तिसऱ्या पायरीवर नाही. तिथे मला पाय ठेववत नाही, एक पायरी टाळून उतरतो आणि या वयात एक दिवस मीही आपटणार आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

समितीची सभा झाली. अर्जदाराने बोलावणं येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं असतं. हाही नियम माझाच. बावीस वर्षं त्या बाकावर लोकांना बसवलं, आज कळलं की त्याचा एक पाय आखूड आहे. जरा हललं की डुगडुगतो, आणि आत सगळ्यांना कळतं की माणूस चुळबुळतोय.

आत गेल्यावर अर्ज मोठ्याने वाचायचा. 'माझ्या पत्नीस' इथपर्यंत वाचला आणि पुढे आवाजच फुटेना. दंतवैद्यांनी हातातून कागद घेतला आणि पुढचं वाचलं.

मग जुळ्यांची आई उभी राहिली. यंदाच समितीवर आली आहे. चार वर्षांपूर्वी तिने बाबागाडीसाठी दारात एक उतरती फळी मागितली होती. मी लेखी उत्तर दिलं होतं: 'जुळी आज ना उद्या चालू लागतील, पायऱ्या मात्र गेल्या की गेल्या.' माझ्या वळणदार अक्षरात! म्हटलं, करावे तसे भरावे. आता ही उट्टं काढणार, आणि काढावंच तिने.

"द्या परवानगी," ती म्हणाली. "यात चर्चा कसली करायची?" आणि खाली बसली. सगळ्यांचे हात वर. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तिने मला चार शब्द सुनावले असते तर घरी येऊन दोन घास खाता आले असते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गाडीत चष्मेवाल्या बाईंना सांगितलं, दारात रॅम्प होतोय, परवानगी मिळाली. त्यांना खरंच आनंद झाला. "बरं झालं बाई. निदान आता तरी. तेव्हा त्यांनी कठड्यासाठी अर्ज केला होता, तेव्हाच दिली असती तर—"

"कसला अर्ज?"

त्यांनी पिशवीतून बाटली काढून बराच वेळ पाणी प्यायलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

आमच्या घरून कधीही अर्ज आलेला नाही, असं मी ठणकावून सांगितलं. बावीस वर्षांचा एकेक कागद माझ्या हाताखालून गेलाय. त्यांचा काहीतरी गैरसमज आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आला होता.

सहा वर्षांपूर्वीचा गठ्ठा. नोव्हेंबर. तिचं अक्षर, आमच्या घराचा क्रमांक, खाली तिची सही. 'सकाळी पायऱ्या ओल्या असतात. गाडीची घाई असते. एका बाजूने हाताशी धरायला लोखंडी कठडा बसवू द्यावा. हवा तर काढता येण्याजोगा करू. रंग हिरवा देऊ, दारासारखाच.'

दारासारखाच! माणूस ओळखून लिहिलं होतं तिने.

वर माझा शिक्का. 'नियम ४ अन्वये नामंजूर.' त्या महिन्यात पायऱ्यांचे एकोणीस अर्ज आले होते, मला आठवतंय. विषयात 'पायऱ्या' दिसलं की मी खाली वाचतच नव्हतो. एका दुपारी बसून एकोणीस शिक्के मारले. शिक्का बनवून घेतल्यामुळे काम किती सोपं झालं, असं जेवताना हिलाच सांगितलंही असेल.

आणि आता दुसरंही आठवलं. नसतं आठवलं तर बरं झालं असतं. तिने आधी मला घरातच विचारलं होतं. मी पेपर वाचत होतो. "अहो, बाहेर एक कठडा बसवू या का?" मी मान वर न करता म्हणालो, "रीतसर अर्ज कर. घरचे म्हणून सवलत नाही." मला वाटलं, मी विनोद केला.

तिने रीतसर अर्ज केला. नामंजुरीचं पत्र टपालाने याच दारातून आत आलं असणार. सहा वर्षांत त्याबद्दल मला एक अक्षर बोलली नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चष्मेवाल्या बाईंना विचारलं, ते पत्र आलं तेव्हा ती काय म्हणाली? त्या सांगेनात. मी हट्टच धरला.

"गाडीत वाचून दाखवलं त्यांनी. तुमच्या आवाजात. सगळा डबा हसला, त्याही हसल्या. मग उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या."

मी त्याच खिडकीशी बसलो होतो. पुढच्या स्टेशनात उतरून उभ्याने दुसरी गाडी धरली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

अर्ज खिशात घेऊन गेलो. म्हटलं, आज तिच्यापुढे ठेवायचा आणि माफी मागायची. ती माझ्याकडे बघत होती, डाव्या हातात मऊ चेंडू दाबत. चेहऱ्याची एक बाजू अजून खाली ओढलेली आहे. तिला भात भरवला. तोंड पुसलं. हवेबद्दल बोललो! सुताराबद्दल बोललो. अर्ज खिशातच राहिला.

भित्रा आहे मी. लोकांना 'नाही' म्हणायला कधी भ्यालो नाही. हे मात्र तोंडातून निघत नाही.

घरी आली की सांगेन. घरी निवांत बोलता येईल.

मंगळवार, ४ मार्च

काम सुरू. गुलाब उपटले. सुताराला सांगितलं, दोन्ही बाजूंनी कठडा पाहिजे, वरपासून खालपर्यंत. तो म्हणाला, "अर्जात एकाच बाजूचा आहे, सर." मी म्हटलं, मला नियम शिकवू नकोस. दोघेही हसलो. मग मला हसू आवरेना आणि मग ते हसू राहिलं नाही. तो बिचारा रंधा मारत बसला, मान खाली घालून.

शनिवार, ८ मार्च

मोठी बातमी! स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, ती एक अख्खं वाक्य बसवतेय. सुटे शब्द नाहीत, वाक्य! "रोज तासभर घोकतात. मी आले की दार लावून घ्यायला लावतात. घरी जायच्या दिवशी तुम्हाला ऐकवायचंय म्हणतात."

"काय वाक्य आहे?"

"ते मी कसं सांगू? त्यांचं आहे ते."

बाई नेहमी मोकळ्या हसतात, आज जरा घाईत होत्या. मेव्हणीही तिथेच होती, मला बघून तिने नजर फिरवली. तिच्या नवव्या मजल्याचं काही जमलं नाही म्हणून रुसली असेल. मी मुद्दाम गोड बोललो. जिंकणाऱ्याने पडतं घ्यावं.

काय असेल वाक्य? गाडीत सगळ्यांनी अंदाज बांधले. 'चला घरी.' 'माझे गुलाब कुठे गेले?' जाडे पासधारक काका म्हणाले, 'चहात साखर कमी घाला.' किती दिवसांनी मला भूक लागली!

बुधवार, १२ मार्च

झाला रॅम्प. हिरवा, दारासारखाच. पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. शेवटी सुताराला म्हटलं, मला बसव खुर्चीत आणि ढकल. दोनदा वर गेलो, दोनदा खाली आलो. वळणावर कुठे अडकत नाही. जुळ्यांची आई फाटकातून बघत होती, तिला म्हटलं, तुम्हीही तुमची फळी घाला. ती म्हणाली, "आता पोरं सायकल चालवतात, सर."

दंतवैद्य येऊन बघून गेले. "दिसतो चांगला हो," म्हणाले. दिसतो कसा, हे मी बघितलंच नव्हतं.

शर्टाला इस्त्री केली. अर्ज त्याच्याच खिशात ठेवलाय. उद्या तिला आणतो. ती पलंगावर नीट टेकून बसली की आधी तोच तिच्या हातात देणार, मग बाकी सगळं.

गुरुवार, १३ मार्च

वाक्य ऐकलं.

"अहो, मला त्या घरात परत यायचं नाही."

एकही शब्द अडखळला नाही. स्पीच थेरपीच्या बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "छान. छान म्हणालीस." तिने डाव्या हाताने माझा हात थोपटला.

खाली टॅक्सी उभी होती. ड्रायव्हरला मेव्हणीचा पत्ता मीच सांगितला.