लाल काच आणि एकोणीस वह्या

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, बंदराच्या दिवेवाल्याची विधवा, माझ्यामागे काय कोणाचं हे स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला टाचला आहे. कान थोडे गेलेत, जीभ जागेवर आहे. शिकले तिसरीपर्यंत, तेव्हा चुका असतील; म्हणून कोणी अर्थ फिरवू नये.

एक. राहतं घर मुलाला. छप्पर गळतं हे त्याला ठाऊक आहे, पाच वर्षं खुर्चीत बसून बघतोय.

दोन. शिवणयंत्र सुनेला. तिने कधी मागितलं नाही, म्हणूनच.

तीन. पितळ घासायची फडकी बंदरसाहेबांना. त्यांच्या दारावरच्या नावाला गरज आहे.

चार. आता मुद्द्याचं. दीपगृहात जुन्या वस्तू मांडून साहेब दारावर पाटी लावणार आहेत, की माझ्या नवऱ्याने एकतीस वर्षं एकही चूक न करता दिवा सांभाळला. त्या पाटीखाली ठेवायला त्यांना माझ्याकडची लाल काच आणि नोंदवह्या हव्यात.

तर दिव्याला लाल काच खडकाच्या बाजूला, हिरवी होड्यांच्या वाटेच्या बाजूला. ह्यांना लाल-हिरवं वेगळं दिसतच नव्हतं. बारा वर्षं कोणाला न सांगता, टवका उडालेला कोपरा चाचपून लाल ओळखायचे. मग धुताना हिरवीचाही कोपरा उडाला. काचांची अदलाबदल झाली, मासळीची होडी खडकावर फुटली, एकाचा पाय गेला. चौकशीत हे म्हणाले, "बायकोने हात लावला होता." मी गप्प बसले. नोकरीबरोबर तेव्हाचं सरकारी घर गेलं असतं आणि पोर चार महिन्यांचं होतं. कचेरीच्या कागदात अजून आहे, 'पत्नीची ढवळाढवळ'.

दुसऱ्या दिवसापासून एकोणीस वर्षं काचा, वात, तेल, वही, सगळं मी केलं. सही तेवढी त्यांची.

मुलगा म्हणाला, "आई, गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतेस?"

म्हटलं, "मग जितीची काढलेली चालते होय रे?" चहा अर्धा टाकून गेला.

लाल काच आणि एकोणीस वह्या नातीला. ती बंदरावर क्रेन चालवते, कोणाला भीत नाही. पाटीवर अपघाताचं खरं आणि माझी एकोणीस वर्षं आली, तरच तिने त्या कचेरीला द्याव्यात. नाहीतर काच स्वतःच्या खिडकीला बसवावी. नवऱ्याचं नाव खोडू नका. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. राहू दे, माझ्या नावाखाली.

साहेब हसून म्हणाले होते, "आजी, पुरावा काय?" म्हणून वकील टाइप करून देतो म्हणत असतानाही मी हे सगळं हाताने लिहिलं. वह्यांतलं अक्षर आणि हे अक्षर शेजारी ठेवा. पडताळायला सोपं जावं म्हणून रोजची ओळ इथेही लिहिते:

दिवा ठीक.

सही: दिवेवाली
साक्षीदार: समोरचा सुतार (सही), शेजारची जाळी विणणारी (अंगठा)
ठिकाण: दीपगृहामागचं घर
तारीख: बारा मार्च, मंगळवार, सकाळी, चष्मा लावून