नीवेसचा वरचा सूर

चेर्विया, १२ मे २००८

प्रिय नीवेस,

सप्रेम आठवण. त्रिएस्तेला तू कुशल असशील आणि चष्म्यांचे दुकान नीट चालत असेल, असे धरून चालतो. इकडे सर्व यथास्थित आहे. आईच्या थडग्यावरचा दगड हलला होता, तो पुन्हा बसवून घेतला. मिठागरात यंदा पाणी लवकर सोडले.

आज लिहिण्यास निमित्त एका पोस्टरचे आहे. सोळा ऑगस्टला दक्षिणेत पुल्या प्रांतातल्या एका गावात संत सान रोक्कोची जत्रा असते आणि त्या रात्रीच्या गाण्यांसाठी यंदा आपला बँड ‘क्विंता मारेआ’ ठरला आहे. उत्सव समितीचा अध्यक्ष नुंझिओ हा गावचा न्हावी. घरोघर फिरून वर्गणी तोच गोळा करतो, आणि बँड पसंत पडला नाही तर शिव्याही त्यालाच खाव्या लागतात. या गृहस्थाने मला न विचारता आपला १९७९ सालचा फोटो छापला. मध्ये तू, उजवीकडे इवानो, डावीकडे मी, मागे ड्रमसह गास्पारे. आणि खाली ठळक अक्षरांत ‘मूळ संचात’. मी तातडीने फोन केला.

“नुंझिओ, या फोटोतल्या बाईंनी एकवीस वर्षांपूर्वी बँड सोडला.”

“अकाउंटंटसाहेब, मला का ठाऊक नाही? नवऱ्याला, इवानोलाही सोडलं, तेही ठाऊक आहे. पण माझ्या सासूबाईंनी ते पोस्टर स्वयंपाकघरात लावलंय! आता फोटोतल्या बाई आल्या नाहीत, तर अख्खं गाव वर्षभर दाढी करायला शेजारच्या गावात जाईल.”

“मग नवे पोस्टर छापा.”

“सान रोक्कोच्या पायाशी कुत्रा असतो ना, त्याचं चित्र छापतो. तो तरी नक्की येईल.”

सारांश, तुझी छबी तुझ्या संमतीवाचून भिंतींवर लागली आहे. तुझी हरकत असल्यास लेखी कळव. मी सर्व पोस्टरे उतरवून घेईन.

एवढ्यावर पत्र संपवावे, असा विचार होता. तथापि ते पोस्टर इवानोनेही पाहिले. एरवी त्याने माझ्या तेव्हाच्या केसांची यथेच्छ टिंगल केली असती. या खेपेस तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “हिला सांग... नको. काही सांगू नकोस.”

येथे काही खुलासा आवश्यक आहे. तू गेल्यावर पुष्कळ गायिका आल्या. इवानोने एकीलाही घेतले नाही. तुझा वरचा सूर तेव्हापासून मी कीबोर्डवर वाजवतो. पुढे इवानोचा आवाज खाली येऊ लागला, तशी मी दर काही वर्षांनी गाण्यांची पट्टी अर्ध्या स्वराने उतरवत गेलो. सर्वांनी एकदम उतरवली की श्रोत्यांना कळत नाही. गिटारवाल्यांना मी तंबी देऊन ठेवली होती. इवानोला पत्ता लागला नाही, या समजुतीत मी होतो. गेल्या आठवड्यात तालमीत ‘मीठ आणि ऑगस्ट’ हे गाणे आणखी उतरवले, तेव्हा तो मध्येच थांबला.

“लेआर्को, आणखी किती खाली नेणार आहेस? तळघरात?”

“तुला कळलं?”

“गाढवा, पहिल्या दिवसापासून कळतंय. तुला लपवण्यात इतका आनंद होत होता, की मोडवेना.”

मग त्याने मला बाहेर नेले आणि उरलेले सांगितले. हे वयाचे नाही. गाठ आहे, आणि स्वरयंत्र काढावे लागेल. गाणे जाईलच, बोलणेही जाईल. बोलोन्याचे डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया तत्काळ हवी. आठवडा गेला तरी फरक पडतो. हा म्हणतो, सान रोक्को झाल्यावर. “एकदा तिच्याबरोबर ते गाणं मूळ पट्टीत गातो, मग काय कापायचं ते कापा.” गास्पारे त्याच्यावर ओरडला, मग रडला. उपयोग शून्य. आजाराचे तुला कळवायचे नाही, अशी मला शपथ घातली आहे. ती मी या पत्राने मोडत आहे.

तुम्हा दोघांत कोण चुकले, हा प्रश्न मी तेव्हाही उघडला नाही आणि आज उघडत नाही. तू ऑगस्टमध्ये येण्याचे कबूल केलेस, तर तो निश्चित तोवर थांबेल. नाही म्हणालीस, तरी तुझी वाट पाहत थांबेल. मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. ताळा लागत नाही. आयुष्यात प्रथमच एक काम अपुरे ठेवून दुसऱ्याकडे पाठवत आहे.

तुझ्या उत्तरावर सर्वस्वी अवलंबून असलेला तुझा भाऊ,
लेआर्को

*

त्रिएस्ते, १७ मे

लेआर्को,

पानभर पोस्टर आणि मग कुठे माणूस! तू स्वतः मरशील तेव्हाही आधी लेखी हरकती मागवशील.

पोस्टर राहू दे. माझे केस बरे दिसतायत, तुझे अजूनही हसण्यासारखेच.

ऑगस्टपर्यंत कुणीही थांबायचं नाही. मी येत्या शुक्रवारी दुपारच्या गाडीने येते. जेवणं झाली की तुझ्या स्वयंपाकघरातच ते गाणं म्हणू, मूळ पट्टीत. त्याचा आवाज फाटला तर फाटू दे, माझा तर फाटणारच आहे. ऐकायला तू आणि गास्पारे पुरे. त्यानंतर सोमवारी मी त्याला बोलोन्याला घेऊन जाणार. कबूल नसेल तर स्टेशनवरूनच परत फिरेन, असं सांग त्याला. मी फिरते, हे त्याला चांगलं माहीत आहे.

त्याला गिळता येत असेल तर शिंपल्या कर. नाहीतर नुसतं सूप. पण त्याच्यासमोर विचारत बसू नकोस, तूच बघून ठरव.

ऑगस्टात मी त्या न्हाव्याच्या गावाला येईन आणि गाईन. इवानो पहिल्या रांगेत बसेल. तेरा वर्षांच्या संसारात त्या माणसाने मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही, तू साक्षीदार आहेस. आता सगळी पुरी करीन.

त्याने मध्ये न तोडता बोलायला मिळणं मला नकोय, हे मात्र त्याला सांगू नकोस.

शुक्रवारी दार उघडं ठेव.
नीवेस