काळी गोळी की तांब्याची?

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
रविवार, १८ सप्टेंबर २००५

प्रिय हेमचंद्र,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो गणपतीच्या गडबडीमुळे, असं लिहिणार होतो. इकडे सगळे बरे आहेत. उल्काने नवी नोकरी घेतली, रोज चाळीस मिनिटं ड्राइव्ह करते. काल मंडळाच्या आरतीला नंदाकाकू म्हणाल्या, "हेमचंद्र जॉर्जियाला, अल्फारेटाला गेला आणि आरतीचा आवाजच बसला." मी ताटं गोळा करायला उठलो.

तुझी रुचा एकोणीस वर्षांची झाली यावर विश्वास बसत नाही. तिला रायफल शूटिंग शिकायचंय, काडतुसंही घरीच भरायचीत, आणि गोळी कोटिंगवाली घ्यावी की बिनकोटिंगची, असं तिने विचारलंय. तिला सांग: कोटिंगवाली गोळी काळी, बुळबुळीत असते. नळीतून सहज सरकते, म्हणून दाब कमी तयार होतो. मग तेवढाच वेग हवा तर काडतुसात बंदुकीची दारू थोडी जास्त घालतात. बिनकोटिंगची, तांब्याच्या रंगाची, नळीला घासत जाते. दोन्ही चांगल्या. फक्त एकीसाठी ठरवलेली दारू दुसरीला घालायची नाही. गोळी बदलली की दारू कमी करून पहिल्यापासून सुरुवात करायची.

इथे पत्र संपवून पाकिटात घातलं होतं. चार दिवस ते टेबलावर पडून होतं. आज गुरुवारी पुन्हा उघडलं.

हेमचंद्र, हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वीचा तो ऑगस्टमधला शनिवार. मॅचसाठी तुझी काडतुसं मीच भरत होतो. निम्मी भरून झाली आणि काळ्या गोळ्या संपल्या. दुकान उघडेपर्यंत थांबायचं, नाहीतर दारू कमी करून भरायची आणि तुला आधी सांगायचं, एवढंच करायला हवं होतं. पण दारूचं माप लावलेलं होतं. ते बदललं तर नेम नव्याने बसवावा लागेल, आणि तू म्हणशील, "यार, आज मॅचच्या दिवशी?" वजन तेच आहे, एवढ्याने काय होतंय, असं म्हणून मी बिनकोटिंगच्या गोळ्या तेवढ्याच दारूवर बसवल्या आणि त्याच डब्यात ठेवल्या. तुला सांगितलं नाही. आधीच माप अगदी वरच्या टोकाला होतं, त्यात ऊन रणरणत होतं, आणि उन्हाने दाब आणखी वाढतो.

त्यातलं एक काडतूस झाडताच रायफल मागच्या बाजूने फुटली आणि तू तोंड धरून खाली बसलास. सगळे तुझ्याकडे धावले. मीही धावलो, पण आधी तो डबा उचलून माझ्या बॅगेत टाकला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

हॉस्पिटलमध्ये शरयूवहिनींनी विचारलं, "भावजी, नेमकं झालं काय?"

मी म्हणालो, "रायफल जुनी होती वहिनी. नळीमागचा बोल्ट नीट बसला नसेल."

आत तुझ्या उजव्या डोळ्यावर डॉक्टर काम करत होते. रायफल क्लबच्या लोकांनीही तेच धरून घेतलं. उरलेली काडतुसं मी दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये एकेक करून उकलून रिकामी केली.

तू ती रायफल मोडीत काढलीस, तेव्हाही मी गप्प बसलो. आणि आता तू लिहितोस, "माझ्या निष्काळजीपणामुळे शेजारी बसलेल्या तुलाही इजा झाली असती, मला माफ कर. रुचाला मी शिकवण्याच्या लायकीचा नाही. तू सांभाळून काम करणारा माणूस, तूच शिकव." ही ओळ मी किती वेळा वाचली असेल! उल्काने विचारलं, "काय लिहिलंय एवढं?" तिला आज संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने तुझं पत्र स्वतः वाचलं. मग म्हणाली, "त्याने तुझी माफी मागितली आणि तुला जेवण गेलं?"

मी रुचाला शिकवणार नाही. त्या दिवशीच्या भरणीची माझ्या वहीतली नोंद सोबत जोडली आहे. तीच नोंद आणि माझा जबाब क्लबच्या सेक्रेटरीला उद्या देतोय. वहिनींना हे पत्र वाचायला दे. रुचाला मराठी अक्षर लागत नसेल तर तू वाचून दाखव, माझं नाव घेऊन.

माफी मागत नाही. तू ती लगेच देशील, म्हणूनच.

तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

यतीन