पार्बताचा पासपोर्ट आणि वलगावचे वावर

मी, उत्तमराव महादेवराव भुयार, वय वर्षे शहात्तर, धंदा भांड्यांचे दुकान (आता बंद), राहणार रुक्मिणीनगर, अमरावती, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डॉक्टर अश्विन तायडे यांनी आज सकाळी माझी नाडी पाहिली, तारीख विचारली आणि काल भाजी कोणती खाल्ली तेही विचारले. मला दोन्ही सांगता आले. धाकाचे म्हणाल, तर माझी पत्नी वारल्यापासून या घरात मला धाक घालणारे कोणी उरलेले नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळेच भाच्याच्या नावे केले होते. ते याद्वारे रद्द समजावे. का रद्द केले, ते पुढे येईलच.

१. मला मूलबाळ नाही. धाकटी बहीण श्रीमती पार्बताबाई देवमनराव गावंडे, राहणार अकोला, तिचा मुलगा चि. किशोर आणि सून सौ. रागिणी, एवढीच माझी माणसे.

२. भांड्यांवर नाव घालायचे मशीन, आणि ते येण्याआधी ज्यांनी मी नावे ठोकायचो ती छिन्नी व हातोडी, हे सर्व खुशालराव यांना द्यावे. ते माझ्या दुकानात जन्मभर कामाला राहिले आणि त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. आमच्याकडे लग्नात नाव न घातलेले भांडे कोणी देत नाही. देणाऱ्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, गाव आणि तारीख, हे सगळे परातीच्या काठावर बसवावे लागते. अकोल्याला एकदा मी बहिणीच्या स्वयंपाकघरातली मांडणी सहज न्याहाळत होतो. सासऱ्यांचे नाव होते, दिराचे होते, आमच्या वडिलांचे होते, मेव्हण्यांचे तर सगळ्या डब्यांवर होते. तिचे कुठेच नव्हते. मी काय पाहतो आहे हे तिच्या लक्षात आले. तिने ते माझ्याआधी कितीतरी वर्षे पाहून ठेवले होते.

३. शेजाऱ्यांनी नेलेली लाकडी शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. मागायला कोणी जाऊ नये. मात्र त्यांनी तेरवीला येऊन माझे गुण गाऊ नयेत, एवढी त्यांना विनंती आहे.

४. आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत पार्बता आपल्या भजनी मंडळातल्या बायकांसोबत सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजावर फिरायला गेली. बाकीच्या बायका आठवण म्हणून फ्रीजला चिकटवायची चित्रे आणणार होत्या. हिला प्रत्येक बंदराचा शिक्का हवा होता, आपल्या पासपोर्टवर. कशाला, म्हणून मी विचारले, तर म्हणाली की घरात एवढी एकच वस्तू तिच्या नावाची आहे, ती कोरी कशी ठेवायची.

सिंगापूरच्या विमानतळावरच तिचा हिरमोड झाला. तिथे आता शिक्का मारत नाहीत, आल्याची नोंद ई-मेलवर पाठवतात. ई-मेल किशोरचा दिलेला होता. म्हणजे बाई परदेशात पोचली आणि नोंद अकोल्यात मुलाच्या फोनवर आली.

जहाजावर तर पासपोर्टच काढून घेतले. तिथली पद्धत अशी, की सर्वांचे पासपोर्ट जहाजाच्या ऑफिसात राहतात, कागदपत्रे तेच करतात आणि प्रवाशांनी गळ्यात कार्ड अडकवून उतरायचे. शिक्क्याचा प्रश्नच येत नाही. पार्बता काउंटरवर जाऊन उभी राहिली. तिच्याजवळ इंग्रजी एवढेच होते, माय पासपोर्ट, माय स्टॅम्प. ते तिने इतक्या वेळा आणि इतक्या शांतपणे म्हटले, की शेवटी त्यांनी सही घेऊन पासपोर्ट तिच्या हातात दिला.

पेनांग बंदरात मंडळाच्या बायका बसमध्ये बसून शहर पाहायला गेल्या आणि ही धक्क्यावरच्या तपासणीच्या रांगेत राहिली. अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, तर पहिल्याच कोऱ्या पानावर लाल डाग आणि त्याला चिकटलेला तांदळाचा दाणा.

हे काम रागिणीचे. दसऱ्याला तिने गाडीची चावी, शिलाई मशीन आणि सासूचा नवा पासपोर्ट, असे सगळे पूजेत मांडले होते आणि सगळ्यांना कुंकवाचे बोट लावले होते. पासपोर्टवर काही लावायचे नसते, हे कोणाच्या डोक्यातही आले नाही. नवी वस्तू आणि तिला कुंकू नाही, हे आमच्या घरात होत नाही. मला मात्र दुसरेच वाटते. मेव्हणे गेल्यापासून पार्बताच्या कपाळाला कोणी कुंकू लावले नव्हते. सुनेने ते तिच्या पासपोर्टला लावले. त्यासाठी मी रागिणीला मनातून नमस्कार केलेला आहे.

त्या अधिकाऱ्याला यातले काय कळणार? पानावर काहीतरी खाडाखोड केली आहे, असे समजून त्याने तिला एका खोलीत बसवले. संध्याकाळी जहाज सुटणार होते. सहलीच्या माणसाने घाबरून किशोरला फोन केला, की तुमच्या आईला बसवून ठेवले आहे. किशोरने मला केला. आम्ही दोघे इथे फोन कानाला लावून बसलो आणि ती तिथे खुर्चीवर बसून होती. तिने नंतर सांगितले, की तिला रडू आले नाही, राग आला होता.

मग तिथे दुसरा एक अधिकारी आला, मूळचा तमिळ असावा. त्याने पान पाहिले, दाणा पाहिला आणि एकच शब्द विचारला, पूजा? पार्बताने मान हलवली. त्याने खिशातून आपल्या गाडीची चावी काढून तिच्यापुढे धरली. चावीच्या कडीत कुंकू वाळलेले होते. पहिल्या अधिकाऱ्याला तो काय बोलला ते तिला कळले नाही, पण शिक्का त्या दुसऱ्या अधिकाऱ्यानेच मारला, कुंकवाला धक्का न लावता, शेजारच्या पानावर.

एवढ्यावर कोणीही गप्प बसले असते. पार्बता पुढच्या बंदरात, फुकेतला, पासपोर्ट घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिली आणि तिथलाही शिक्का घेऊन आली. मी अमरावतीहून अकोल्याला जाताना गाडी मूर्तिजापूरला थांबली तरी खाली उतरत नाही, सुटेल म्हणून. ही माझी धाकटी बहीण आहे. मला तिचा अभिमान वाटतो. तोंडाने हे तिला सांगणे मला कधी जमले नाही, म्हणून इथे लिहून ठेवत आहे.

५. ती परत आली तेव्हा किशोरने ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून पासपोर्ट घेतला आणि बँकेच्या लॉकरमध्ये टाकला. पोरगा वाईट नाही. पेनांगचा तो फोन आल्यापासून धसकला आहे. पण तिने मागितला की तो ‘पाहू’ म्हणायचा. मंडळ येत्या नोव्हेंबरात पुन्हा निघणार आहे आणि पार्बता एकाहत्तर वर्षांची आहे. ‘पाहू’ म्हणायला तिच्याकडे किती वर्षे आहेत?

म्हणून मी या मृत्युपत्राच्या कच्च्या मसुद्यात एक अट घातली होती. वलगावचे वावर, म्हणजे माझी तिथली शेती, किशोरला मिळेल, पण त्याने आईचा पासपोर्ट तिच्या हातात दिला तरच. मागच्या रविवारी सर्वांना इथे जेवायला बोलावून मी वकील सुगत इंगळे यांच्याकडून तो मसुदा वाचून घेतला. अट ऐकून किशोरचे तोंड उतरले. तो म्हणाला, “मामाजी, वावराचं सोडा. मले भेव लागते. तिकडे तिले काही झालं तं मी काय करू?”

पार्बता म्हणाली, “भेव तुले लागते, अन् कुलूप माह्या पासपोर्टले कावून?”

मी मनात खूश झालो, की माझी अट बरोबर लागू पडली. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. “दादा, वावर देऊन पासपोर्ट नको सोडवू. तो काही गहाण नाही. ते अट काहाड.”

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी अट काढायला सांगितली. किशोर न जेवताच अकोल्याला गेला, पार्बता माझ्याकडे राहिली आणि आता माझ्या हातात काहीच उरले नाही, असे मला वाटले.

गुरुवारी संध्याकाळी किशोर एकटाच बसने आला. पासपोर्ट त्याच्या शर्टाच्या खिशात होता. तो त्याने माझ्याकडे न देता सरळ आईला दिला. म्हणाला, “लॉकरमदी होता तरी मले भेव लागतच होतं.” पार्बताने त्याला जवळ बसवले आणि आधी जेवायला वाढले. मी दुसऱ्या खोलीत गेलो. मला तिथे काही काम नव्हते.

६. तेव्हा आता असे ठरवतो. रुक्मिणीनगरचे हे घर पार्बताच्या पूर्ण मालकीचे राहील. बँकेतल्या ठेवी तिच्या. त्या कशावर खर्च कराव्यात, हे तिला कोणी सुचवू नये. वलगावचे वावर किशोरचे, कोणतीही अट नाही. माझ्या पत्नीच्या पाटल्या रागिणीच्या. व्यवस्थापक म्हणून वकील सुगत इंगळे यांना नेमतो.

७. माझा शेवट होईल तेव्हा पार्बता जहाजावर असेल, तर तिला कोणी फोन करू नये. किशोरने अग्नी द्यावा आणि पुढचे विधी ती येईपर्यंत न थांबता उरकावेत. तिला तिच्या बंदरावर उतरू द्यावे, तिच्या रांगेत उभे राहू द्यावे आणि शिक्का घेऊन घरी आल्यावर, हातपाय धुऊन बसली की मग सांगावे.

हे कलम पार्बताला वाचून दाखवले, तेव्हा ती माझ्यावर रागावली. “मी येईपर्यंत थांबता येत नाही का तुले?” असे तिने विचारले. प्रयत्न करीन, असे मी तिला म्हणालो आहे. ते इथे लिहून देता येईल का, असे वकिलांना विचारले, तर ते म्हणाले की तशी तरतूद कायद्यात नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्याच मनातला आहे, आणि पुढे नमूद साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली.

ठिकाण : अमरावती
दिनांक : २८ फेब्रुवारी २०२६

(सही) उत्तमराव महादेवराव भुयार

साक्षीदार :
१. (सही) डॉ. अश्विन तायडे, अमरावती
२. (सही) कुलदीप वानखडे, समोरचे घर, रुक्मिणीनगर, अमरावती