रोवणीच्या ओळीतून सारसाकडे

१९ जुलै १९५४
सकाळपासून पाऊस. ह्यांचे कोट दमट झाले असतील म्हणून दुपारी ट्रंक उघडली. तळाशी कॅमेरा निघाला. मागच्या लाल काचेतून ६ आकडा दिसतो. फोटो काढला की लगेच पुढे फिरवायची ह्यांची सवय. म्हणजे रोलच्या आठांपैकी पाच काढून झाले, तीन बाकी. पाच कशाचे ते माहीत नाही. मागच्या पावसाळ्यातले सारस असतील. माझे नसणार, मी कधी उभी राहत नसे.
त्यांना जाऊन चार महिने झाले. रोल तसाच धुवायला द्यावा का?
वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात: ‘मुसळधार पावसात पाणी चढले तर सारस अंडी कशी राखतो? जवळून पाहिलेले नाही.’
मग आठ वर्षे हे भिजत काय पाहत होते?

२१ जुलै
भाऊजींच्या, म्हणजे धाकट्या दिरांच्या, तलावाखालच्या धानाच्या बांधीत यंदाही सारसाची जोडी बसली आहे. भाऊजी चिडलेले. “वयनी, तो माहे रोवलेले पऱ्हे उपटून घरट्यात कोंबून राहिला! मी का त्याच्यासाठी रोवणी करून राहिलो?”
म्हटले, मग हाकला.
“हाकलू कसा? जोडी हाये.” एवढे बोलून माझ्याकडे पाहिले आणि निघून गेले. घरट्याभोवती खाटेएवढी जागा न रोवता सोडली आहे त्यांनी. ते मला सांगितले नाही, मीच पाहिले.

२२ जुलै
छत्री घेऊन बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर गेले. ऐंशी पावलांवर असतानाच नर ओरडला, मादी उठली, दोघेही लांब गेले. पुढे जाऊन पाहिले: अंडी दोन. उघडी. त्यावर पाऊस पडत होता. मी पळतच मागे आले. फोटो नाही. फार वाईट वाटले. माझ्यामुळे अंडी गेली तर…
रोवणीच्या बायका हसत होत्या. सोमाबाई, त्यांची म्होरकी, म्हणाली, “मास्तरही असेच. काळी छत्री उघडून धुऱ्यावर उभे. मंग म्हणत, सारस उडला! उडणार नाही त का चहा पाजणार?”
आठ वर्षांत पहिल्यांदा कोणी ह्यांना हसले आणि मलाही हसू आले.
संध्याकाळी लांबून पाहिले. मादी परत बसली आहे.

२४ जुलै
सो.बाईला विचारले, तुम्ही इतक्या जवळ जाता तर तो उठत का नाही?
“आमी कोठं त्याच्याकडे जातो? आमी त त्याच्याकडे पाठ करून जातो.”
खरेच. रोवणी मागे मागे सरकत करतात. ओळ वाकलेली, डोक्यावरून पाठीवर बांबू-पानांचा मोरा. पक्ष्याला दिसतात ते नुसते मोरे. ह्यांच्या हे लक्षात कसे आले नाही? पुरुष रोवणीच्या ओळीत कधी वाकत नाहीत, म्हणूनच असेल.
उद्यापासून मी ओळीत. भाऊजी: “लोक का म्हणतीन? वरीस नाही झालं.” सो.बाईने तिचा जुना मोरा दिला.

२५ जुलै
दिवसभर रोवणी. कंबर गेली. माझे रोप तरंगून वर येते. सो.बाई: “मास्तरीनबाई, सातवी पास होऊन दोन बोटं दाबता येत नाही!” कॅमेरा घरीच ठेवला होता. सारस बसून होता. सतरा पावले. मोजली.

२६ जुलै
असा पाऊस की शेजारची बाई दिसेना. सांडव्यावरून पाणी सुटले, बांधी भरत चालली. कॅमेरा मेणकापडात, पोटाशी. ओळीबरोबर मागे सरकत गेले. सो.बाई हळूच म्हणाली, “आता फिर.” वाकूनच फिरले.
नऊ पावले. मादी उभी. नर भोवतीचे गवत, भाऊजींचे पऱ्हे, चोचीने उपटून तिच्यापुढे टाकतो. ती ते अंड्यांखाली सारते. पाणी चढते तसे घरटे वर चढते. मग ती बसली, पंख दोन्हीकडे थोडे सैल सोडून. पाणी पाठीवरून दोन्ही बाजूंना गळत होते. अंडी कोरडी असतील का? तिच्या पोटाखालचे कसे कळणार!
तिन्ही फोटो काढले. उजेड फार कमी. ह्यांनी शिकवले होते तसे भिंगाचे भोक पूर्ण उघडले.
घरी येऊन पाहिले तर मेणकापड एका बाजूने उसवलेले. कॅमेऱ्याच्या भात्यात पाणी. तेव्हा भानावर आले. माझे तीन जाऊ देत, ते पाच? मी काय करून बसले.

२९ जुलै
गाडीने शहरात जाऊन स्टुडिओत रोल दिला. स्टुडिओवाला: “इतनी बारिश में फोटो? कुछ नहीं आएगा, बाई.” मी म्हटले, पहिले पाच पावसातले नाहीत. तसे मला माहीत नव्हते, तरी म्हटले. त्याने रोल हातात फिरवला. “कागज चिपक गया है. देखेंगे. आठ दिन बाद आना.”

६ ऑगस्ट
आज फोटो आणायचा दिवस. काल भाऊजी ओट्यावर येऊन सांगून गेले, “वयनी, एका अंड्याले आतून टोचा पडला.” स्वतः वाकून पाहून आले होते वाटते, धोतर चिखलाने भरलेले.
गाडीच्या वेळेला निघाले, पण बांधीकडे वळले. रोवणी आटोपली, ओळ नाही. एकटीच पाठमोरी मागे सरकले. मादी उभी राहून अंड्याकडे मान वाकवून होती, ऐकत असल्यासारखी. पिल्लू दिसले नाही. आतून आवाज येतो का? नर हलला नाही.
पाच कोरे निघाले तर काय करायचे ते ठरत नाही. स्टुडिओ उद्याही उघडा असेल. उद्या जाईन की बांधीवर, तेही ठरले नाही.
दुपारी लुगडे धुतले. एक टोक, जे पूर्वी हे धरत, खांबाला बांधून दुसऱ्या टोकाने पिळले आणि आतल्या दोरीवर टाकले.