भिंत उजवीकडे

बाळकुम, ठाणे
६ ऑक्टोबर २०२४

ती. गुणाजीमामांस,
कल्पिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून कागद घेतला. आता मध्येच तोडून दाखवा.

कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सची चाचणी झाली. मी तुम्ही शिकवलेलाच प्रश्न घातला: भिंतीला शिडी टेकलीय, जमिनीवर तिचा पाय घसरू पाहतोय, तर तिथल्या घर्षणाचा बाण कुठे काढायचा? बदल एकच केला. आकृतीत भिंत डावीकडे असते, ती मी उजवीकडे काढली. बाहत्तर मुलांपैकी एकसष्टांनी बाण तरीही डावीकडेच काढला. म्हणजे घर्षण शिडीला थोपवत नाही, उलट तिचा पाय भिंतीपासून बाहेर ओढतंय! नयन नावाच्या एका विद्वानाने तर समासात 'नेहमी डावीकडे' अशी टीपही दिली. या मंडळींनी जन्मात शिडी पाहिली नसावी.

वर तक्रारही यांचीच, की प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. प्राचार्य म्हणाले, सगळ्यांना पाचपैकी पाच देऊन टाका, मुलं आपले अन्नदाते आहेत. मी नाही म्हटलं. माझी नेमणूक कंत्राटी, ती वाढवायची की नाही हे पंचवीस तारखेला ठरणार आहे. आईजवळ यातलं काही बोलू नका, ती देव पाण्यात घालून बसेल. तुम्ही एकतीस वर्षं क्लास चालवताय, या मुलांचं काय करायचं ते सांगा.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
कल्पिता


डोंबिवली पूर्व
११ ऑक्टोबर २०२४

चि. कल्पितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना आधी हसलो, मग घाम फुटला. तुझा तो नयन माझ्याच क्लासचा. तुझी आकृती घेऊन तो माझ्याकडे आला होता. हा प्रश्न रूढ पद्धतीला सोडून आहे, मुलांवर अन्याय आहे, असं मी त्याला माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं. पेपर कोणी काढला हे विचारायचं सुचलं नाही. आणि 'नेहमी डावीकडे' ही लाल चौकट माझ्याच नोट्समधली.

पण मला सांग, भिंत हलवायची तुला कसली खाज होती? मी पाहिलेल्या प्रत्येक पेपरात ती डावीकडे असते. चौकट पाठ केली की पोराला दहा सेकंदांत मार्क मिळतात. समजून घेत बसला तर सेमिस्टर संपेल. तू लहानपणापासून अशीच नसती शहाणी. दहाव्या वर्षी माझा टेबलफॅन खोललास, तो अजून घरघरतो.

पत्र मागे घ्यायला सांगू नकोस. माझ्याच नोट्स चुकीच्या आहेत असं मी लेखी देऊ? डोंबिवलीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मार्क देऊन टाक आणि नोकरी सांभाळ.

जीव आहे म्हणून ओरडतो, हे ध्यानात असू दे.

तुझा,
मामा


बाळकुम, ठाणे
१६ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं लेटरहेड प्राचार्यांनी काल माझ्यासमोर ठेवलं. तुमच्या नावाखाली सोनेरी अक्षरांत 'मेकॅनिक्सचे जादूगार' असं छापलंय. जादूच म्हणायची. उद्या तुमच्या विद्यार्थ्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात शिडी लावायला सांगितली, तर मालकाला आधी भिंत उचलून डावीकडे आणून द्यावी लागेल.

मी त्या मुलांना मूर्ख समजत होते, ते चुकलंच. फी भरून जे घेतलं ते त्यांनी इमानदारीत उतरवलं. मला राग तुमचा आलाय मामा, आणि रडूही येतंय. मला शिकवत होतात तेव्हा ही चौकट नव्हती. तुम्ही मामींच्या ओट्याला झाडू टेकवलात आणि त्याचा बुडखा मला बोटाने सरकवून बघायला लावलात. तो माणूस कुठे गेला?

मार्क मी बदलणार नाही. तुमचं पत्र तिथे राहिलं तर माझी नोकरी जाईल, हे प्राचार्यांनी आडून सांगितलंच. माझं मागणं एकच. रविवारच्या बॅचला हा प्रश्न घाला, आधी काही न सांगता. त्यानंतर वाटलं तर पत्र खुशाल तसंच राहू द्या.

मामींना नमस्कार. लोभाचं काय करायचं ते तुम्हीच बघा.

कल्पिता


डोंबिवली पूर्व
२३ ऑक्टोबर २०२४

चि. कल्पितास,
आशीर्वाद.

रविवारी प्रश्न घातला, तुझी जिरवायची म्हणूनच घातला. चाळीसच्या चाळीस बाण डावीकडे. मी खवळलो, पोरांना गाढवं म्हणालो. खडू घेऊन फळ्यावर उजवीकडे भिंत काढली, शिडी काढली आणि बाण काढला, तो डावीकडे. मला कळलंसुद्धा नाही. मागच्या बाकावरच्या प्राचीने उभं राहून विचारलं की सर, अशाने शिडी आणखी लवकर नाही का पडणार. कोणी हसलं नाही. बाकीच्यांनी माझा बाण वहीत उतरवूनही घेतला होता. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. क्लास तिथेच सोडून दिला.

सोमवारी तुझ्या कॉलेजात गेलो. माझी चौकट चुकीची आहे, प्रश्न योग्य आहे, असं लिहून प्राचार्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, माझ्या मनाच्या मोठेपणाची तारीफ केली, चहा मागवला. मग म्हणाले, मार्क शुक्रवारीच सगळ्यांना देऊन झाले, विषय संपला. शिवाय नोव्हेंबरपासून मेकॅनिक्सची एक जागा रिकामी होतेय, आपल्यासारखा नावाजलेला माणूस आला तर कॉलेजचं भाग्य. मी विचारलं, कोणाची जागा. तुझं नाव सांगायला त्यांना रजिस्टर उघडावं लागलं.

मी नाही म्हणून उठलो. तुला ते पंचवीस तारखेला सांगतील. ज्याच्यामुळे नोकरी गेली त्याच्याकडूनच तुला आधी कळावं, म्हणून स्पीडपोस्टाने धाडतोय.

लोभ असावा, असं आजवर धाकटे मला लिहीत आले. आज मी तुला लिहितो आहे. ठेवता आला तर ठेव.

तुझा मामा,
गुणाजी